फाटलेला आवाज आणि त्याचा एको

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. यात निवडणूक नाही, जात नाही, पाणीप्रश्न नाही. विषय गिटारचा आहे. पण भांडण सार्वजनिक मंडपात झालं, म्हणून सार्वजनिक ठिकाणीच लिहितोय.

गेल्या गणपतीत आमच्या तालुक्याच्या गावात एका मंडळाने 'स्थानिक कलाकारांना संधी' असा कार्यक्रम ठेवला होता. लावणी झाली, मिमिक्री झाली, एका गुरुजींनी पोवाडा म्हटला. मग आमच्या गल्लीतला एक पोरगा गिटार घेऊन चढला. पॉलिटेक्निकला आहे, घरची परिस्थिती बेताची, सुट्टीत मोबाईलच्या दुकानात काम करून गिटार घेतलेली. पायाशी दोन छोटे लोखंडी डबे. त्याने पहिला सूर वाजवला आणि दोन सेकंदात साऊंडवाल्याने त्याचा आवाज खाली ओढला.

"भावा, आवाज फाटतोय."

"दादा, तो फाटलेलाच पाहिजे."

मंडपात हशा. पोरगा परत वाजवायला लागला, परत आवाज खाली. शेवटी मंडळाचे अध्यक्ष स्वतः स्टेजवर आले, पाठीवर हात ठेवून प्रेमाने म्हणाले, "बाळा, आधी मशीन दुरुस्त करून आण, मग वाजव. पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझा." पोरगा वायरी गुंडाळून खाली उतरला. आणि मग निवेदकाने माईक हातात घेतला. त्या माईकला एको एवढा लावलेला की 'नमस्कार' चार वेळा परत आला आणि अध्यक्षांचं नाव गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आलं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

माझं डोकं तिथेच अडकलं. फाटलेला आवाज म्हणजे बिघाड, आणि घुमणारा आवाज म्हणजे भारी, हे कुणी ठरवलं? दुसऱ्या दिवशी मी पोराच्या घरी गेलो. म्हटलं, दाखव तुझे डबे. तो म्हणाला, "काका, एक फझ आहे, एक डिले. दोन्ही एकत्र लावले तरच मजा आहे. आणि कुठला आधी लावायचा यावर सगळं आहे." मला संगीतातलं फार कळत नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो, तेव्हा रूममेट रात्रभर पिंक फ्लॉइड लावायचा, एवढीच आमची रॉक संगीताची पुंजी. पण खोदायची सवय धंद्याने लावलेली. खोदत गेलो तर असा इतिहास निघाला की अध्यक्षांना परत भेटून सांगावंसं वाटलं, साहेब, तुमचं चुकलं नव्हतं. मशीन खरंच बिघडलं होतं. फक्त ते अमेरिकेत, नॅशव्हिलमध्ये, साठेक वर्षांपूर्वी बिघडलं होतं.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इलेक्ट्रिक गिटारमधून आवाज निघत नाही, वीज निघते. बारीकशी, हलणारी. ती वायरीने अॅम्प्लिफायरला जाते आणि तिथे तिचा आवाज होतो. वाटेत पायाने चालू-बंद करायचा डबा बसवला की त्या विजेचं काहीतरी करता येतं. ते पेडल. फझ पेडल काय करतं, तर लाटेचा वरचा आणि खालचा भाग सरळ छाटून टाकतं. गोल डोंगराचं पठार होतं. कानाला तो आवाज खरखरीत, जाड, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लागतो. डिले काय करतं, तर वाजवलेला सूर धरून ठेवतं आणि थोड्या वेळाने परत सोडतं. आपल्याकडे ज्याला सगळे एको म्हणतात तो हाच.

आता नॅशव्हिलची गोष्ट. ओवेन ब्रॅडलीचा स्टुडिओ म्हणजे लष्कराच्या धाटणीची अर्धगोल पत्र्याची शेड. मार्टी रॉबिन्स नावाचा त्या काळचा मोठा गायक 'डोन्ट वरी' हे गाणं रेकॉर्ड करत होता. गाणं अगदी साधं, हळवं, आपल्या भावगीताच्या जवळचं. मधल्या तुकड्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवणार होता. ती थेट मिक्सरला जोडलेली. आणि मिक्सरमधला त्या चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच खराब झाला. गाणं छान चाललंय, पियानो टपटपतोय, आणि अचानक मध्ये कुणीतरी रिकामा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये चढावर घातल्यासारखा आवाज.

इंजिनिअर होता ग्लेन स्नॉडी. आपला साऊंडवाला जे करेल तेच त्यानेही करणं अपेक्षित होतं. चॅनेल बदला, परत घ्या. पण तो तुकडा तसाच ठेवायचं ठरलं. 1961 साली रेकॉर्ड बाजारात आली आणि जोरात चालली. मग बाकीच्या कलाकारांना तोच आवाज हवा झाला. तोवर तो चॅनेल पूर्ण मेला होता. मागणी बिघाडाची, आणि बिघाड शिल्लक नाही!

इथे स्नॉडीने जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने मेलेला भाग उघडून नेमकं काय झालं होतं ते समजून घेतलं आणि रेव्हिस हॉब्स नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरला सोबत घेऊन तोच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट बनवलं. तीन ट्रान्झिस्टर आणि टॉर्चसारखे दोन सेल. ते घेऊन तो शिकागोला गिब्सन कंपनीच्या लोकांकडे गेला. 1962 मध्ये ते 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने विक्रीला आलं. बाजारात मिळणारं पहिलं फझ पेडल ते हेच.

खरं सांगायचं तर हा आवाज त्याआधीही होता. 1951 च्या 'रॉकेट 88' मध्ये विली किझार्टचा अॅम्प्लिफायर मेम्फिसला येताना वाटेत खराब झाला, कागद कोंबून तसाच वाजवला. लिंक रेने 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. नंतर लंडनमध्ये डेव्ह डेव्हिसने तर दाढीच्या ब्लेडने स्पीकर चिरला. गरीब पोरांचे उद्योग सगळे. नवा घ्यायला पैसे नाहीत, मग जुना फाडा. पण फाडलेला स्पीकर पायाने बंद करता येत नाही. स्नॉडीचा डबा बंद करता येत होता, हा फरक.

कंपनीला मात्र आपण काय विकतोय हेच कळलं नव्हतं. त्यांनी जाहिरात काय केली? हा डबा लावा, तुमच्या गिटारमधून ट्रम्पेटचा, ट्रॉम्बोनचा, ट्युबाचा आवाज येईल. म्हणजे ब्रास बँडचा खर्च वाचवा! दुकानदारांनी पहिला माल उचलला आणि तो फळ्यांवर धूळ खात पडला. ट्रम्पेट ऐकायचा असेल तर माणूस ट्रम्पेटवाला बोलावेल, हे साधं गणित होतं.

मग आलं 1965. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स 'सॅटिस्फॅक्शन' रेकॉर्ड करत होता. त्याच्या डोक्यात सुरुवातीचा तुकडा ब्रासचाच होता. नंतर ब्रासवाल्यांना कळावं म्हणून त्याने तो फझ-टोन लावून गिटारवर कच्चा वाजवून ठेवला. म्हणजे कंपनीच्या जाहिरातीप्रमाणे डबा वापरणारा हा बहुधा एकमेव शहाणा गिऱ्हाईक. बाकीच्यांनी तो कच्चा तुकडाच फायनल म्हणून बाहेर काढला. रिचर्ड्सला ते पटलं नव्हतं. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि दुकानांच्या फळ्यांवरचे सगळे डबे संपले. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणं खऱ्या ब्रासवर केलं, तेही चांगलं आहे, ऐका. पण जगाच्या लक्षात राहिला तो फाटलेला आवाज.

तर एक डबा बिघाडातून आला. दुसरा कुठून आला? युद्धातून.

चुंबकी फितीवर आवाज टिपायचं चांगलं यंत्र तिसाव्या दशकात जर्मनीत तयार झालं, एईजी कंपनीचं मॅग्नेटोफोन. 1945 साली जर्मनी पडल्यावर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन लष्करी सिग्नल खात्यातल्या अधिकाऱ्याला बाड नाउहाइमच्या रेडिओ स्टुडिओत ही यंत्रं दिसली. दोन यंत्रं सुटी करून, तुकड्या-तुकड्याने टपालाच्या थैल्यांतून त्याने घरी पाठवली. सोबत पन्नास रिळं. घरी जाऊन जोडली, लोकांना ऐकवली. गायक बिंग क्रॉस्बीला रेडिओवर दर आठवड्याला लाइव्ह गायचा कंटाळा आलेला, त्याने यात पैसा घातला, आणि 1948 पासून अॅम्पेक्स कंपनीची टेप यंत्रं अमेरिकेत बनायला लागली. पराभूत देशाचं तंत्रज्ञान विजेत्याने खिशात घालायचं हे जुनंच आहे. रॉकेटवाले शास्त्रज्ञ नेले ते सगळ्यांना माहीत असतं, टेप नेली ते कुणी सांगत नाही.

या यंत्रात फीत आधी रेकॉर्ड करणाऱ्या हेडसमोरून जाते आणि मग इंचभर पुढे वाजवणाऱ्या हेडसमोरून. फीत सेकंदाला साडेसात इंच सरकत असेल आणि दोन हेडमध्ये एक इंच अंतर असेल, तर आवाज साधारण 133 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एको म्हणजे एवढंच, मधलं एक इंच. मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सने ही युक्ती सन स्टुडिओत वापरली आणि 1954 पासून एल्व्हिस प्रेस्लीच्या गळ्यामागे जो पत्र्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो तो त्यातलाच.

पण स्टुडिओतलं यंत्र गावोगावच्या कार्यक्रमाला कसं नेणार? इथे परत दुरुस्तीवालेच पुढे आले. इलिनॉय राज्यात कैरो नावाचं छोटं गाव आहे (हो, इजिप्तवालंच नाव, उच्चार तिकडचे लोक वेगळा करतात). तिथे रे बट्स नावाचा वाद्यांच्या दुकानाचा माणूस. त्याने गिटारच्या अॅम्प्लिफायरच्या पोटातच टेपचा एको बसवला. एल्व्हिसच्या गिटारवाल्याने, स्कॉटी मूरने, तो 1955 मध्ये विकत घेतला. पुढे ओहायोतल्या अॅक्रनच्या माइक बॅटलने 'एकोप्लेक्स' बनवलं. त्यात हेड सरकवता यायचं, म्हणजे एको किती उशिरा यावा हे वाजवणारा ठरवणार. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्सने 1958 ला 'कॉपीकॅट' आणलं. मिलानमध्ये बिन्सन कंपनीने टेपऐवजी चुंबकी तार गुंडाळलेलं फिरतं चाक वापरलं, त्याचं नाव 'एकोरेक'.

आणि बघा, एकोप्लेक्स पुढे कोणत्या नावाखाली विकलं गेलं? मेस्ट्रो. तोच फझ-टोनवाला ब्रँड. म्हणजे साठच्या दशकात एकाच दुकानाच्या एकाच काउंटरवर एक नॅशव्हिलचा बिघाड आणि एक जर्मन टेपचा नातू शेजारी शेजारी बसलेले. कंपनीने त्यांचं लग्न लावलं नाही. ते पोरांनी लावलं.

का लावलं, ते नीट समजून घ्यायला मला आठ दिवस लागले. पोराने गिटार घेऊन समोर बसून दाखवलं तेव्हा कळलं. नुसता फझ लावला की सूर लांबतो, जाड होतो, पण सपाट होतो. डोंगराचं पठार केलंय ना, त्यामुळे हळू वाजवा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. आणि सूर संपतो तेव्हा विझत नाही, तुटतो. फट् करून. स्वस्त पेडलमध्ये तर शेवटी थुंकल्यासारखा आवाज येतो. त्याच्यामागे डिले लावला की तुटलेल्या टोकाला शेपूट मिळतं. पहिली प्रत थोडी हळू, दुसरी आणखी हळू. जे विझणं फझने मारून टाकलं होतं ते डिले परत आणतो. शिवाय जुन्या टेपवर प्रत्येक फेरीला आवाजातला तीक्ष्णपणा थोडा झिजतो, त्यामुळे फझची करकर पुढच्या प्रतीत मऊ होत जाते. भाकरी करपली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला, तसं काहीसं. जेवणाची वेळ झालीय, उपमा तशीच सुचणार.

म्हणजे क्रम ठरला: गिटार, मग फझ, मग डिले.

आता उलटा लावून बघा. गिटार, मग डिले, मग फझ. एकोची दुसरी, तिसरी प्रत हळू असते, पण फझला हळू कळतच नाही. तो तिलाही उचलून मूळ सुराएवढी मोठी करतो. वर दोन सूर एकाच वेळी फझमध्ये घुसले की ते एकमेकांत मिसळून तिसरंच काही तयार करतात, जे ना या सुराचं ना त्या. गोंगाट होतो. आधी फाडून मग घुमवलं तर निदान काय फाडलंय ते कळतं, आधी घुमवून मग फाडलं तर मूळ काय होतं तेच कळत नाही. आमच्या तालुक्यातले काही व्हॉट्सअॅप ग्रुप या दुसऱ्या क्रमाने चालतात, असो.

क्रमाचं आणखी एक कारण शुद्ध विजेचं आहे. लंडनच्या आर्बायटर कंपनीने 1966 मध्ये 'फझ फेस' काढलं, माईकच्या स्टँडच्या गोल बैठकीसारखा डबा. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचं ते. त्यात काय होतं? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन बटणं. अकरा वस्तू, बस. पण हे सर्किट असं आहे की त्याला गिटार थेट जोडलेली लागते. मध्ये दुसरं पेडल आलं की बिथरतं. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं कमी केलं की हाच फझ फेस जवळपास स्वच्छ वाजायला लागतो, ती गंमत मध्ये काही आलं की जाते. म्हणून फझ रांगेत पहिला.

ही जोडी डोळ्यांनी बघायची असेल तर 1971 साली पिंक फ्लॉइडने पॉम्पेईच्या रिकाम्या, दोन हजार वर्षं जुन्या रंगमंडलात केलेलं चित्रीकरण बघा. डेव्हिड गिल्मरजवळ फझ फेस, आणि बिन्सनचा एकोरेक. समोर प्रेक्षक नाहीत, नुसते दगड. लेड झेपेलिनचा जिमी पेज तेव्हा टोन बेंडर नावाचा लंडनचा फझ आणि एकोप्लेक्स वापरायचा. गिल्मरने पुढे 'बिग मफ' नावाचा न्यूयॉर्कचा फझ घेतला, आणि 1979 च्या 'द वॉल'मध्ये त्याचे जे लांब, संपता न संपणारे सूर आहेत, जे मी पुण्याच्या खोलीत झोपमोड म्हणून शिव्या देत ऐकले, ते या दोन डब्यांच्या जोडीवर उभे आहेत. वीस वर्षांनी कळलं. रूममेटला फोन केला, तो आता विमा विकतो, हसला.

नियम मोडणारेही निघालेच. खरं तर नियम आधीपासून मोडलेला होता. अॅम्प्लिफायर पूर्ण उघडला की तोही आवाज फाडतो, आणि तो तर रांगेत शेवटी. म्हणजे एको आधी आणि फाटणं नंतर हे कित्येकांच्या बाबतीत नकळत होतच होतं. पुढे आयर्लंडच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडच्या केव्हिन शील्ड्सने घुमारा मुद्दाम आधी घेतला, तोही उलटा फिरवलेला, आणि नंतर फाडला. 1991 चा त्यांचा 'लव्हलेस' अल्बम लावला तर आमचे साऊंडवाले दादा स्पीकर बदलायला धावतील. ज्याला गोंगाट म्हटलं तोच त्यांना हवा होता.

तंत्राचं पुढचं थोडक्यात सांगतो. टेप तुटायची, मळायची, यंत्र जड. 1969 मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँग्स्टर आणि टीअर या दोघांनी एक चिप बनवली. तिचं तत्त्व खेड्यातल्या माणसाला एका ओळीत कळेल. गंजीला आग लागली की विहिरीपासून गंजीपर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि बादली हातोहात पुढे जाते. तसंच, विजेचा छोटा साठा एका खान्यातून पुढच्या खान्यात. शेवटच्या माणसापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो डिले. चिपचं नावच बादल्यांच्या रांगेवरून पडलं. वाटेत थोडं पाणी सांडतं, म्हणून हा एकोसुद्धा जरा धुरकट असतो आणि फझला तो मानवतो. त्यावर सत्तरच्या दशकात बिग मफ बनवणाऱ्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनेच 'मेमरी मॅन' काढलं, जपानच्या बॉसने 1978 ला आपलं पहिलं डिले पेडल आणलं. मग डिजिटल आलं, अजिबात पाणी न सांडणारं, आणि लोक तक्रार करायला लागले की फारच स्वच्छ आहे. आता कंपन्या डिजिटलमध्ये टेपची झीज नकली घालून विकतात.

आता आपल्याकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. 'हे पाश्चात्त्यांचं, आपल्या कानाला फाटका आवाज चालत नाही' असं मंडपात दोघातिघांनी मला सांगितलं. हे मला मान्य नाही. सोलापूरहून मिरज किती लांब आहे? मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत, मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार, दीडशेहून जास्त वर्षांचा वारसा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. त्या कारागिराचं सगळ्यात अवघड काम कोणतं? जवारी. घोडी अशी हलक्या उतारावर घासायची की तार तिला नुसती टेकत टेकत थरथरेल. तंबोऱ्यात वर सुताचा 'जीव' सरकवायचा. कशासाठी? स्वच्छ तारेचा स्वच्छ सूर नको म्हणून. झणझण हवी, गुंजारव हवा, एका सुरात दहा सूर ऐकू यायला हवेत म्हणून. विजेचं छाटणं आणि घोडीचं घासणं या तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण सूर मुद्दाम खडबडीत करून त्याला जास्त भरीव करायचं, ही कल्पना आपल्या कानाला परकी नाही. जवारी नीट नसली तर आपले गवय्ये तंबोरा खाली ठेवतात.

आणि हा संबंध मी ओढूनताणून लावत नाही. त्याच 1965 साली लंडनच्या यार्डबर्ड्स बँडने 'हार्ट फुल ऑफ सोल' गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता. स्टुडिओत ते काही जमेना. तेव्हा जेफ बेकने फझ लावला आणि सतारीचा तो तुकडा गिटारवर वाजवला. तेच रेकॉर्ड विकलं गेलं. म्हणजे जवारीची नक्कल करायला त्यांना फझ जवळचा वाटला होता.

आपल्याकडची पोरंही मागे नव्हती. 1970 आणि 71 ला सिगारेट कंपनीच्या पैशातून 'सिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा झाली, देशभरच्या बँडची गाणी रेकॉर्डवर निघाली. ऐका कधीतरी, फझ त्यातही आहे. पण परवाना राजच्या काळात परदेशी डबा आणणं म्हणजे कुणाचा तरी मामा बोटीवर असावा लागायचा. महाग तर होताच.

आणि इथेच मला हळहळ वाटते. फझ फेसमध्ये जे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर असायचे त्यातला एक प्रकार म्हणजे एसी 128. हा कुठे मिळायचा? आपल्या घरच्या रेडिओत! साठ-सत्तरच्या दशकातल्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात, जिथून स्पीकरला आवाज जातो तिथे, हाच बसायचा. बंगळुरूची आपली सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्सही तो बनवायची. म्हणजे ज्या रेडिओवर माझे आजोबा बाजारभाव ऐकायचे त्याच्या पोटात हेंड्रिक्सच्या आवाजाचं निम्मं सामान पडून होतं, आणि प्रत्येक तालुक्यात ते सोडवून जोडू शकणारा एकेक रेडिओ मेकॅनिक होता. कमी होती ती आवाज फाटला की 'हे ठेवूया' म्हणणाऱ्याची. ग्लेन स्नॉडी काही वेगळ्या मातीचा नव्हता. त्याच्या स्टुडिओत बिघाडाकडे दोन मिनिटं बघायची सवड होती, एवढंच. आमच्या मंडपात ती दोन सेकंद होती.

तर दिवाळीनंतर मी त्या पोराला घेऊन आमच्या गावच्या रेडिओवाल्या अण्णांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, मुलाने तिथे झेरॉक्स टाकलंय. अण्णांना म्हटलं, एसी 128 आहेत का? त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे. आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आला. त्यात टोपीवाले, पत्र्याच्या अंगाचे सतरा ट्रान्झिस्टर. पोराने मोबाईलवर सर्किट दाखवलं. अण्णांनी चष्मा वर केला, म्हणाले, "यात काय आहे? हे तर चुकीचं बायस केलंय. आवाज फाटणार." पोरगा म्हणाला, "अण्णा, फाटलाच पाहिजे." यावेळी कुणी हसलं नाही. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग हा रेझिस्टर अजून बदलून बघू."

सतरातले नऊ चालू निघाले. जुन्या जर्मेनियममध्ये विजेची गळती असते, प्रत्येकाची वेगळी, म्हणून जोडी जुळवावी लागते. अण्णांनी दोन दुपारी मल्टिमीटर घेऊन त्यातली एक जोडी निवडली. डबा म्हणून जेवणाचा जुना स्टीलचा टिफिन वापरला, कुणी हसू नये. मागे पोराचं साडेतीन हजारांचं चायनीज डिले. अण्णांच्या ओट्यावर बसून त्याने पहिला सूर वाजवला तेव्हा समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने बाहेर येऊन पट्टा बघितला.

एक अडचण मात्र आहे. जर्मेनियमला ऊन सोसत नाही. तापमान वाढलं की गळती वाढते आणि आवाज आधी घोगरा होतो, मग बसतो. लंडनमध्ये हेंड्रिक्सला त्याचा त्रास असेल-नसेल, आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर गेला. दुपारी तो टिफिन काही केल्या वाजेना. अण्णा म्हणाले, माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. ते चाललं. संध्याकाळी सहानंतर तर फडकंही लागत नाही.

यंदाच्या गणपतीच्या नियोजनाची बैठक पुढच्या रविवारी आहे. अध्यक्षांनी पहिल्या नंबरचा शब्द दिलेला आहे, तो मी वहीत लिहून ठेवलाय. कार्यक्रम रात्री आठचा ठेवा एवढंच मी सांगणार आहे, आणि साऊंडवाल्या दादांना त्याआधी एकदा अण्णांच्या ओट्यावर चहाला बोलावलंय.